मिनिटाला पाचशे रुपये : हौशी मोटार शर्यतीचा जमाखर्च

इंझोरी (जि. वाशीम) : मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावापासून समृद्धी महामार्ग फार दूर नाही. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटर रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून या मार्गाची आखणी झाली आहे. मोटारींसाठी कायदेशीर मर्यादा मात्र १२० आहे. या दोन आकड्यांमधील तीस किलोमीटरांचा मोह विदर्भातील तरुणांना नव्याने पडला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ याबाबतीत स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत अथवा वेगाची चाचणी केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड अवघा पाचशे रुपये होता.

मग वेगाची हौस भागवायची कोठे? त्यासाठी बंदिस्त ट्रॅक आहेत आणि सर्वसामान्य माणसालाही तेथे स्वतःची गाडी घेऊन उतरता येते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांचा समज असा की हा खेळ केवळ फेरारी बाळगणाऱ्या धनिकांचा आहे. हा समज अर्धाच खरा आहे. या खेळात गाडीची किंमत ही बहुधा सर्वांत कमी त्रास देणारी रक्कम ठरते. खिसा रिकामा होतो तो झिजेने, अंतराने आणि विम्याच्या छत्राबाहेर उभे राहिल्याने.

ट्रॅक डे आणि शर्यत

प्रथम दोन शब्दांमधील फरक समजून घ्यावा. ‘ट्रॅक डे’ म्हणजे शर्यत नव्हे. तेथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, चषक नसतो. ठराविक शुल्क भरून गाडी आत न्यायची, सकाळी नियमांची माहिती ऐकायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये फेऱ्या मारायच्या. ओव्हरटेक करायचे ते ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्याने वाट दिल्यावरच. क्लब शर्यत ही वेगळी गोष्ट. तिला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, अर्थात एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेची मान्यता लागते, चालकाकडे तिचा स्पर्धा परवाना असावा लागतो, वैद्यकीय तपासणी होते आणि गाडीची तांत्रिक छाननी होते. ट्रॅक डेच्या दिवशी संध्याकाळी त्याच गाडीतून घरी परतता येते. शर्यतीच्या गाडीबाबत ते बहुधा शक्य नसते. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्या देशात पूर्ण लांबीचे ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून सुरू आहे. त्याची लांबी ३.७ किलोमीटर. त्यापूर्वी ही मंडळी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवीत असत. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा असून त्याला एस. करीवर्धन यांचे नाव दिले आहे. मारुती ८०० चे इंजिन बसवून स्वस्तातील एकआसनी शर्यत-गाडी देशातच घडविणाऱ्या या गृहस्थाचे हौशी रेसिंगवर मोठे ऋण आहे. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांची सुरुवातही मारुतीच्या इंजिनावर चालणाऱ्या अशाच गाड्यांच्या शर्यतीतून झाली होती. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला.

महाराष्ट्रात कोल्हापूरने गो-कार्टिंगमध्ये नाव कमावले आहे. तेथील मोहिते कुटुंबाच्या अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याजवळ नानोली येथेही आता ट्रॅक उभा राहिला आहे. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार वेगपथ झाला. वऱ्हाडातून ते ठिकाण त्या मानाने जवळचे. परंतु ते मुळात वाहन उत्पादकांच्या चाचण्यांसाठी आहे, रविवारच्या हौशी चालकासाठी नाही.

पेट्रोल सर्वांत स्वस्त

आता हिशेबाकडे वळू. एक उदाहरण घेऊ. साधारण हजार किलो वजनाची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक गाडी आहे. वाशीम जिल्ह्यातील मालक ती घेऊन चेन्नई किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर निघाला आहे. दोन्ही ठिकाणे येथून रस्त्याने हजाराहून अधिक किलोमीटर दूर. आपण साडेअकराशे धरू. दिवसभरात त्याला पंधरा मिनिटांच्या पाच पाळ्या मिळाल्या, म्हणजे एकूण सव्वा तास. सरासरी वेग ताशी ९० धरला तरी अंतर भरते सुमारे ११० किलोमीटर. पाय पूर्ण दाबून चालविलेली गाडी लिटरला पाच किलोमीटरच देते असे मानले, तर पेट्रोल लागेल २२ लिटर. लिटरचा दर १०५ रुपये धरल्यास हा खर्च सुमारे २,३०० रुपये. एवढ्यात पुण्यात चौघांचे चांगले जेवण होते.

पण तेथवर जाऊन परत येण्याचे अंतर झाले २,३०० किलोमीटर. लिटरला पंधराच्या हिशेबाने १५३ लिटर, म्हणजे १६ हजार रुपये. ट्रॅकवर जळलेल्या पेट्रोलच्या सातपट पेट्रोल नुसत्या प्रवासात जाते! टोल, वाटेतील मुक्काम आणि दोघांचे जेवण मिळून आणखी नऊ हजार सहज होतात. विदर्भातील हौशी माणसाने प्रवासाची ही रक्कम सर्वांत आधी वहीत मांडावी, कारण आयोजकांच्या कोणत्याही माहितीपत्रकात ती लिहिलेली नसते. पुण्या-मुंबईच्या माणसाला नानोलीमुळे ती बरीच वाचेल.

ब्रेकमध्ये उकळणारी बादली

झिजेचा खर्च समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आठवावे लागेल. हजार किलोची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणायची, तर सुमारे ७३० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत तीस अंशाचे अडीच लिटर पाणी उकळीला येते. ट्रॅकच्या एका फेरीत असे पाच ठिकाणी जोरात ब्रेक दाबावे लागले, तर प्रत्येक फेरीत बारा लिटरची बादली उकळण्याइतकी उष्णता चार डिस्कना, त्यातही मुख्यतः पुढच्या दोघींना, सोसावी लागते. फेरी दोन-सव्वादोन मिनिटांची. थंड होण्यास उसंत नाही. रोजच्या रस्त्यावर असा प्रसंग महिन्यातून एखादा येतो.

येथेच ब्रेक ऑईलचा प्रश्न उभा राहतो. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकांनुसार डॉट ३ प्रकारचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकले पाहिजे. ओलावा शोषलेल्या अवस्थेत हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५, तर डॉट ५.१ साठी २६० व १८० आहेत. पावसाळा काढलेले दोन वर्षांचे जुने ऑईल घेऊन ट्रॅकवर गेलात, तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत ते आतल्या आत उकळते, त्याची वाफ होते आणि पाय दाबला की पेडल थेट तळाला जाते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. ट्रॅकवर जाण्यापूर्वी ब्रेक ऑईल बदलणे हा काही शे रुपयांचा खर्च आहे. साऱ्या जमाखर्चात इतक्या कमी पैशांत इतका मोठा अनर्थ टाळणारी दुसरी बाब नाही.

पुढच्या ब्रेक पॅडचा साधा जोड चार हजारांत मिळतो असे धरले, तर तो दोन ट्रॅक डेमध्ये संपतो असे समजून चालावे. इंजिन ऑईल नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता बदलावे लागते. दोन्ही ऑईल आणि मजुरीचे तीन हजार, पॅडचा वाटा दोन हजार.

टायरांचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. छोट्या गाडीला चार चांगले टायर तीस हजारांत बसले आणि रस्त्यावर ते ४० हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला पाऊण रुपया पडतो. तेच टायर ट्रॅकवर चार दिवसांत, म्हणजे सुमारे ४४० किलोमीटरांत संपले, तर किलोमीटरला ६८ रुपये. नव्वदपट! शिवाय ही झीज सारखी नसते. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या पुढच्या टायरवर जातो आणि त्याच्या खांद्याचे रबर सोलून निघते. उरलेले तीन बरे दिसत असले तरी एकाच्या जोडीने दुसराही बदलावा लागतो. गरम झाल्यावर टायरमधील हवेचा दाब वाढतो, म्हणून पाळी संपताच तो मोजून कमी करणे हा फुकटातला उपाय आहे. नवखा चालक तोही करीत नाही.

सगळ्यांची बेरीज करू. ट्रॅकवरचे पेट्रोल २,३००, प्रवासाचे १६ हजार, टोल-मुक्काम-जेवण ९ हजार, टायरांचा एक चतुर्थांश वाटा साडेसात हजार, पॅड २ हजार, ऑईल ३ हजार. एकूण जवळपास ४० हजार. ट्रॅकवर प्रत्यक्ष काढलेली मिनिटे ७५. म्हणजे मिनिटाला पाचशे रुपयांहून अधिक, आणि यात आयोजकाचे प्रवेशशुल्क धरलेले नाही. ते ट्रॅकनुसार आणि गाडीच्या प्रकारानुसार बदलते. गाडी जितकी जड आणि शक्तिमान, तितके हे सर्व आकडे वर जातात. म्हणूनच मोठ्या एसयूव्हीपेक्षा जुनी हलकी हॅचबॅक ट्रॅकवर अधिक शहाणपणाची ठरते.

विदर्भाला ही रीत नवी नाही. शंकरपटाच्या जोडीचा मालकही हेच सांगेल. पट काही सेकंदांचा असतो, पण जोडीचा खुराक, मालिश, राखण आणि सराव वर्षभराचा. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाला जाणारी जोडी तेथे पोहोचेपर्यंत मालकाने काय काय घातलेले असते, ते बक्षिसाच्या रकमेवरून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या सात वर्षांत पट बंद होते, खुराक बंद नव्हता. मोटारीचे इतके तरी बरे, की उभी राहिली तर ती चारा मागत नाही.

विमा कोठे संपतो

खर्चाची जी बाजू बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती विम्याची. आपल्या खासगी मोटारीच्या विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि विश्वसनीयता चाचणी यांसाठी केलेला वापर त्यात स्पष्टपणे वगळलेला असतो. ‘मी शर्यत लावली नव्हती, नुसता ट्रॅक डे होता’ हा युक्तिवाद करता येईल. परंतु दहा लाखांची गाडी भिंतीवर आदळल्यानंतर त्या युक्तिवादावर विसंबणे धाडसाचे आहे. रॅलीसाठी अतिरिक्त हप्ता भरून विमापत्राला जोडपुरवणी घेण्याची सोय आपल्या मोटार विमा व्यवस्थेत आहे. ट्रॅकबाबत मात्र कंपनीकडून जे काही असेल ते लेखी घ्यावे. एजंटाच्या तोंडी होकाराला काहीही अर्थ नाही. गाडीच्या वॉरंटीतही शर्यतीसाठीचा वापर वगळलेला असतो.

आरोग्य विम्याची गोष्ट जरा वेगळी आहे. विमा नियामकाने ठरविलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये धोकादायक खेळांचा अपवाद आहे आणि त्यात मोटर रेसिंगचे नाव घोड्यांच्या शर्यती, गिर्यारोहण आदींच्या रांगेत आहे. मात्र तेथे शब्द आहेत ते ‘व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास’ असे. हौशी माणूस व्यावसायिक नसतो, हे उघड आहे. तरीही हातात स्पर्धा परवाना आणि अंगावर प्रायोजकाचे नाव असल्यावर वाद उपस्थित होऊ शकतो, हे जाणून असावे. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी याहून कडक असू शकतात.

याचा अर्थ एवढाच की ट्रॅकवर नेलेली गाडी ही गेली तरी चालेल अशीच असावी. ज्या गाडीचा बँकेचा हप्ता चालू आहे आणि जिच्यावर घरातील आजारी माणसाला रात्री यवतमाळ किंवा अकोल्याला नेण्याची भिस्त आहे, तिने ट्रॅकवर जाऊ नये. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक तिकीट काढून कोणालाही खुला असतो. तेथे जाणारी युरोपातील मराठी मंडळी हा धडा लवकर शिकतात. गाडी आदळली तर वाकलेल्या लोखंडी कठड्याच्या दुरुस्तीपासून गाडी ओढून नेण्यापर्यंतचे बिल चालकाच्याच नावे निघते. तेथील तिकीट काही दहा युरोंचे, बिल काही हजारांचे.

शर्यतीत उतरायचे तर

शर्यतीला निघालेल्या माणसाचा खर्च ट्रॅक डेच्या पायरीवर थांबत नाही. डोक्यावरचे हेल्मेट दुचाकीचे चालत नाही, कारण मोटार शर्यतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला दाद न देणारे असावे लागते. आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएच्या मानकांपैकी ८८५९-२०१५ हे त्यातल्या त्यात परवडणारे. अग्निरोधक पोशाखासाठी ८८५६-२०१८, मानेला झटका बसू नये म्हणून खांद्यावर घालावयाच्या आधारासाठी ८८५८-२०१०. गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, ८८५५-१९९९ मानकाचे आसन, ८८५३-२०१६ मानकाचे सहा पट्ट्यांचे बंधन, अग्निशामक आणि बाहेरून वीज तोडण्याची कळ. आसन आणि पट्टे यांची मुदत पाच वर्षांची. एकदाही अपघात झाला नसला तरी ते बदलावे लागतात. नव्या छंदिष्टांना हा निव्वळ भुर्दंड वाटतो. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतील सलून गाड्यांच्या शर्यतीत के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी चालक मृत्युमुखी पडले. सर्व साधने अंगावर असूनही जोखीम शून्यावर येत नाही.

पिंजरा वेल्ड केलेली, मागचे आसन काढलेली गाडी मूळ स्वरूपात राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. अशी गाडी रस्त्याने चालवीत न्यायची नसते, ती दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी लागते. म्हणजे शर्यतीची एक गाडी बाळगायची, तर तिला वाहून नेणारे दुसरे वाहन, निदान त्याचे भाडे, आलेच. वाशीमहून चेन्नईला जाणाऱ्या वाहनाचे दोन्ही बाजूंचे भाडे मोजल्यावर पुष्कळांचा उत्साह तेथेच मावळतो.

अमेरिकेत २००६ मध्ये ‘ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची गमतीदार शर्यत सुरू झाली. भाग घेणारी गाडी पाचशे डॉलरपेक्षा महाग नको, असा तिचा नियम. पण सुरक्षिततेची साधने या मर्यादेतून वगळलेली आहेत. पिंजरा, आसन, पट्टे आणि ब्रेक यांवरचा खर्च भंगारातून आणलेल्या त्या गाडीच्या कितीतरी पट होतो, हे आयोजकांना पक्के ठाऊक आहे.

गाडी स्वतः न बाळगता नुसते आसन भाड्याने घेण्याची पद्धतही आपल्याकडे रुजली. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कप सुरू केला. टोयोटाने २०१२-१३ मध्ये एटिऑस गाड्यांची मालिका भरवून नवख्यांना संधी दिली. गाड्या, तंत्रज्ञ आणि वाहतूक आयोजकांची. चालकाने हंगामाचे शुल्क भरून हेल्मेट घेऊन यायचे. जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेतील नवशिक्यांचा गट याच हेतूचा. वरकरणी लाखांत जाणारे हे शुल्क वर मांडलेल्या सुट्या खर्चांशी ताडून पाहिले, तर पुष्कळदा स्वस्तच ठरते. करारात एकच ओळ शोधावी : गाडीचे नुकसान झाल्यास चालकाने किती भरायचे आणि त्याला वरची मर्यादा आहे की नाही. मर्यादा लिहिलेली नसेल तर सही करू नये.

थोड्या पैशांत सुरुवात

ज्याला मिनिटाला पाचशे रुपये झेपत नाहीत, त्याच्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला भाड्याच्या गो-कार्टचा. दहा मिनिटांच्या फेरीला हजाराच्या आतबाहेर पैसे पडतात; झीज मालकाची, जोखीम कमी. वळणाची रेषा धरणे, ब्रेक सरळ रेषेत संपविणे आणि नजर पुढच्या वळणावर ठेवणे हे तिन्ही धडे येथे तितकेच पक्के मिळतात. फोर्स इंडियाच्या २०११ मधील शोधमोहिमेत निवडला गेलेला आणि पुढे फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचलेला मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच आला.

दुसरा मार्ग वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालणाऱ्या रॅलींचा. यात ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, कायद्याच्या मर्यादेत राहून नेमक्या सेकंदाला पुढचा टप्पा गाठायचा असतो. जो लवकर पोहोचतो त्यालाही दंडाचे गुण मिळतात. मुंबईत १९१९ पासून कार्यरत असलेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने महिलांसाठी भरविलेल्या रॅली याच धर्तीच्या. १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू करणारे नाझीर हुसेनही मुंबईचेच. ती मात्र वेगाची आणि कडव्या चालकांची होती. टीएसडी रॅलीत घरची गाडी, घरचेच टायर आणि शेजारी नकाशा वाचणारा एक विश्वासू माणूस पुरतो. खर्च मुख्यतः प्रवेशशुल्क आणि पेट्रोलचा. विमापत्राला रॅलीची पुरवणी जोडून घ्यायची ती याच वेळी, निघण्याच्या आधी.